स्फोटातून चालत बाहेर आलेला माणूस

पूर्णाकाठ :

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात इथं एका धाग्यावर स्फोटांच्या खटल्यांची चर्चा चालली होती. कोणी केलं, कोण सुटलं, किती गेले. भरपूर प्रतिसाद आले, पण जखमींचं पुढं काय होतं हे एकानंही विचारलं नाही. बातमीतही त्यांना एकच ओळ असते, "काहींची प्रकृती चिंताजनक". मी 31 वर्षं मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत सिस्टर होते, निम्मी नोकरी कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात, निम्मी ऑपरेशन थिएटरात. त्या एका ओळीच्या मागं काय असतं ते लिहावं म्हणून हा धागा काढते आहे.

आधी माझ्या डोळ्यांसमोरचं सांगते. गावाचं आणि दवाखान्याचं नाव लिहीत नाही. चैत्रातली जत्रा होती. फुगेवाल्याचा गॅसचा सिलिंडर फुटला. तो बॉम्ब नव्हता, पण शरीराला काय फरक? हवेचा तोच दणका, उडालेलं तेच लोखंड.

पहिल्यांदा आमच्याकडं आले ते चालत येणारे. कोणी मोटरसायकलवर, कोणी जीपला लटकून. खरचटलेले, भाजलेले, घाबरलेले. वीस मिनिटांत चारही खाटा, बाकडी आणि ड्रेसिंगचं टेबल भरून गेलं. एकच डॉक्टर, मी आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. सगळे ओरडत होते आणि आम्ही ओरडणाऱ्यांकडं धावत होतो. मग छोट्या टेम्पोत एक बाई आली. मांडीला पत्रा लागला होता. अंगावर कोणीतरी स्वच्छ चादर पांघरली होती, व्यवस्थित, पायापर्यंत. चादर वर केली तर टेम्पोचा फाळका लाल. सोबत चार पुरुष होते. चौघांनी तिला उचलून आणलं, पाणी पाजलं, पण मांडी कोणीच दाबली नव्हती. सलाइन लावेपर्यंत ती गेली.

दुसरा एक पोरगा, एकोणीस-वीसचा. भिंतीला टेकून बसलेला. भुवईवर दोन टाके पडतील एवढी जखम, आणि कानातून रक्ताची बारीक रेघ गालावर सुकलेली. मी काय विचारलं ते त्याला ऐकू येत नव्हतं. हातानंच खुणावत म्हणाला, "मला काही नाही सिस्टर, त्यांना बघा." टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, घरी पाठवला. रात्री साडेअकराला बापानं खांद्यावर टाकून आणला. ओठ निळे, तोंडाला गुलाबी फेस. आमच्याकडं व्हेंटिलेटर नव्हता. मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी निघाली, आणि वाटेतच तो गेला.

त्याचं फुप्फुस दणक्यानं आतून फुटलं होतं. बाहेरून छातीवर ओरखडासुद्धा नव्हता. तेव्हा हे मला शिकवलेलं नव्हतं. नंतर मी शोधून शोधून वाचलं.

स्फोटात हवेची एक लाट येते, आवाजाच्याही पुढं. शरीरात जिथं जिथं हवा आहे तिथं ती घाव घालते : कानाचे पडदे, फुप्फुसं, आतडी. त्यानंतर उडालेल्या वस्तू, म्हणजे खिळे, काचा, पत्रा. मेलेल्या-जखमींत सगळ्यात मोठा वाटा बहुधा यांचाच असतो, कारण लाट थोड्या अंतरावर विरते पण खिळा लांबपर्यंत जातो. माणूस स्वतः फेकला जाऊन भिंतीवर आपटतो तेव्हा डोकं आणि हाडं फुटतात. शिवाय जळणं, धूर, भिंतीखाली दबणं. एकाच माणसाला हे सगळं एकदम झालेलं असू शकतं, म्हणून नेहमीच्या अपघाताचा अंदाज इथं चुकतो.

मला एवढंच म्हणायचं आहे की रक्त वाहतंय त्याचं रक्त जागेवरच थांबवा, आणि "मला काही नाही" म्हणणाऱ्याला त्या रात्री घरी पाठवू नका. ही दोन्ही कामं डॉक्टर येण्याच्या आधीची आहेत. आपल्याकडं तालुक्यापासून मोठा दवाखाना दीड-दोन तासांवर असतो, त्यामुळं ती आपल्याच हातात येतात.

मांजरातीर :

ताई, वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

मी किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी सातवीत होतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. आमचं गाव बाजूला होतं म्हणून वाचलो. माझे काका ढिगारे उपसायला गेले होते. ते सांगायचे की एक माणूस दगडाखालून बोलत होता, पाणी मागत होता, चांगला शुद्धीवर. दुपारी दगड हलवले, बाहेर काढला, सगळ्यांनी आनंदानं पाणी पाजलं आणि थोड्याच वेळात तो मान टाकून गेला. काका शेवटपर्यंत म्हणायचे, आम्हीच काहीतरी चुकलो. तुम्ही दबण्याचं लिहिलंत म्हणून विचारतो, असं का होतं?

पूर्णाकाठ :

दादा, तुमच्या काकांचं काहीही चुकलं नव्हतं. मांडीसारखा मोठा स्नायू तासन् तास दबून राहिला की त्यातल्या पेशी मरतात. दगड आहे तोवर ते विष तिथंच अडकलेलं असतं. दगड निघाला की ते सगळं एकदम रक्तात येतं, त्यात पोटॅशियम असतं आणि ते हृदय थांबवतं. त्यातून वाचला तर पुढं मूत्रपिंडं बंद पडतात. उपाय असा की दगड काढण्याच्या आधीपासूनच शिरेतून सलाइन सुरू करायचं. उघड्या हातांनी ढिगारा उपसणाऱ्या माणसाकडं सलाइन कुठून येणार? कोसळलेल्या इमारतीतून काढलेल्या स्फोटाच्या जखमींतही हेच होतं. म्हणून कोणी दोन-चार तास दबलेला असेल तर ओढाताण करण्याआधी 108 ला तसं स्पष्ट सांगायचं, "माणूस दबलेला आहे, सलाइन घेऊन या."

रात्रपाळी :

मी मराठवाड्यातल्याच एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सर्जरीचा निवासी डॉक्टर आहे. सिस्टरनी लिहिलेल्या पोराबद्दल थोडी भर घालतो, कारण हीच चूक आजही होऊ शकते.

आम्हाला वर्गात शिकवायचे की कानाचा पडदा शाबूत असेल तर आतल्या इजेची शक्यता कमी. यावर आता विसंबत नाहीत. 11 मार्च 2004 ला माद्रिदच्या लोकल गाड्यांत 10 बॉम्ब फुटले, 191 जण गेले. सगळ्यात जवळच्या दवाखान्यात 312 जखमी आले. त्यातल्या जरा जास्त लागलेल्या 243 जणांचा हिशेब तिथल्या डॉक्टरांनी छापला आहे : 99 जणांचे पडदे फाटले होते, म्हणजे दर पाचातल्या दोघांचे. पण पडदा फाटलेल्या प्रत्येकाचं फुप्फुस बिघडलेलं नसतं, आणि पडदा शाबूत असूनही फुप्फुस फुटलेलं असू शकतं. कान हा इशारा आहे, निकाल नाही.

मग बघायचं काय? श्वासाची गती, बोटाला लावायच्या मशीनवरचा ऑक्सिजन, छातीचा एक्स-रे. फुप्फुसाला मार लागला असेल तर एक्स-रेवर मधोमध फुलपाखराच्या पंखांसारखी पांढरी सावली दिसते. बहुतेकांत हे पहिल्या काही तासांत कळतं, क्वचित एक-दोन दिवसही लागतात. बंद जागेतल्या स्फोटातून आला असेल किंवा अगदी जवळ उभा होता असं सांगत असेल तर निदान सहा-आठ तास नजरेखाली ठेवावा.

बंद जागेचं मुद्दाम सांगतो. उघड्यावर लाट पसरून विरते, डब्यात किंवा खोलीत भिंतींवर आपटून परत परत येते. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी 1996 मध्ये बसमधल्या आणि उघड्यावरच्या स्फोटांची तुलना छापली. उघड्यावर मृत्यूचं प्रमाण 7.8 टक्के, बसमध्ये 49 टक्के. मुंबईत 11 जुलै 2006 ला सात लोकल डब्यांत अकरा मिनिटांत जे झालं त्याची भीषणताही इथूनच कळते. गच्च भरलेले डबे होते ते.

एक अवघड गोष्ट अशी की रक्त गेलेल्याला सलाइन द्यावं लागतं, आणि दणका बसलेल्या फुप्फुसाला जास्त सलाइन सोसत नाही, ते पाण्यानं भरतं. एकाच माणसाला दोन्ही झालं असेल तर डॉक्टरची परीक्षा असते. व्हेंटिलेटरही हलक्या दाबानं चालवावा लागतो, नाहीतर फाटलेल्या जागेतून हवा रक्तात शिरते आणि थेट मेंदूत किंवा हृदयात जाते.

पोटाचंही विसरू नका. आतड्याला आतून मार लागला असेल तर ते काही वेळा दोन-तीन दिवसांनी फुटतं. घरी गेल्यावर पोट दुखून ताप आला तर "स्फोटाच्या जागी होतो" हे डॉक्टरला आपणहून सांगा. कोणी विचारेल याची वाट बघू नका.

शिवारातला :

मी जिंतूर तालुक्यात शिक्षक आहे. एक शंका. रक्त थांबवायला पाय करकचून बांधला तर पुढं तो कापावाच लागतो असं आमच्याकडं सगळे म्हणतात. साप चावल्यावर बांधू नका असंही आता आरोग्य खात्याचे लोक सांगतात. मग बांधायचं की नाही? लोकांना काय सांगू?

एकशेआठवाला :

सर, डॉक्टर साहेब नीट सांगतील. मी 108 वर पायलट आहे, पायलट म्हणजे ड्रायव्हर. बघितलेलं एक सांगतो.

ऊसतोडीचा हंगाम, रात्री दहाचा सुमार. फडावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा टायर फुटला, रिमची कडी उडाली आणि एका गड्याचा पाय गुडघ्याखाली जवळजवळ तुटला. आम्हाला पोचायला चाळीस मिनिटं लागली, शेवटचे तीन किलोमीटर नुसता चिखल. मनात म्हटलं, आता काही हाती लागत नाही. जाऊन बघतो तर माणूस बोलायलाय. मुकादमानं डोक्याचा रुमाल गुडघ्याच्या वर बांधला होता, त्यात कोयत्याचा मोडका दांडा घालून पिळला होता आणि दांडा दुसऱ्या फडक्यानं मांडीला बांधून टाकला होता. बाकीचे गडी त्याला म्हणायलेत, "सोड की ओ, पाय काळा पडायलाय, काय करायलाव तुम्ही?" आणि तो दांड्यावरचा हात काढीना. मला म्हणाला, "बैलाचं शिंग मोडल्यावर असंच बांधतो आम्ही. रक्त थांबल्याबिगर सोडत नसतो."

आमच्या डॉक्टरांनी त्या गड्याच्या कपाळावर पेनानं बांधल्याची वेळ लिहिली, 10:10. पाय गेला, तो आधीच गेलेला होता. माणूस जगला. दोन वर्षांनी मला एका टोलनाक्यापाशी भेटला, कृत्रिम पायावर उभा, लेकीला शाळेत सोडायला चालला होता.

रात्रपाळी :

त्या मुकादमानं जे केलं ते अगदी पाठ्यपुस्तकातलं आहे. दांडा घालून पिळणं हाच त्यातला जीव. नुसतं घट्ट बांधलं तर वरवरच्या शिरा दबतात आणि आतली धमनी चालूच राहते, त्यानं रक्त कधी कधी जास्तच जातं. बोस्टनला 15 एप्रिल 2013 ला मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळ दोन बॉम्ब फुटले. तिघं गेले, अडीचशेहून जास्त जखमी, कित्येकांचे पाय तुटलेले. तिथं जागेवर रक्त थांबवायला 27 बांध घातले गेले आणि त्यातला एकही कंपनीचा तयार नव्हता, सगळे हाताला लागेल त्याचे. त्यातले बरेच दांड्याशिवायचे असल्यानं कुचकामी ठरले अशी टीका नंतर तिथल्याच डॉक्टरांनी केली. तरीही दवाखान्यात पोचलेला एकही जखमी दगावला नाही. चांगले दवाखाने हाकेच्या अंतरावर होते हे त्याचं मोठं कारण, ते आपल्याकडं धरून चालता येत नाही.

सर, तुमच्या शंकेबद्दल. सापाच्या वेळी बांधायचं नाही ते बरोबर, तिथं धोका विषाचा आहे. इथं धोका रक्ताचा आहे. मोठी धमनी तुटली तर माणूस पाच मिनिटांतही जाऊ शकतो. बांधलेला पाय साधारण दोन तास सोसतो. पाय कापावा लागतो तो बहुतेक वेळा मूळ जखमेमुळं, बांधल्यामुळं नव्हे.

आधी दाबायचं. जाड फडकं थेट जखमेवर, दोन्ही हात, अंगाचा सगळा भार. खोल जखम असेल तर फडकं आत कोंबून दाबायचं, आणि दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. हातापायाचं रक्त त्यानं थांबत नसेल किंवा उडत असेल तर बांध. रुंद कापड, जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही. सुतळी, तार अजिबात नको. दांडा पिळत राहायचं, रक्त थांबेपर्यंत. दुखेल, तो शिव्या देईल, थांबायचं नाही. वेळ लिहायची आणि दवाखान्यात डॉक्टर सोडेपर्यंत सैल करायचं नाही. मान, काख, जांघ इथं बांधता येत नाही, तिथं फक्त दाबणं. अंगात काही घुसून राहिलं असेल तर उपटायचं नाही, कित्येकदा त्यानंच धमनी बुजलेली असते.

आणि ग्रामीण रुग्णालयातले कोणी हे वाचत असतील तर : ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड, रक्तस्राव कमी करणारं औषध. बाळंतपणासाठी तुमच्या कपाटात असतंच, स्वस्त आहे. 2010 मध्ये 20 हजारांहून जास्त जखमींवरचा अभ्यास आला, त्यात आपल्या देशातलेही पुष्कळ रुग्ण होते. रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, लवकर दिलं तितका फायदा जास्त. तीन तासांनंतर मात्र उलट नुकसान होऊ शकतं. आपल्याकडं रेफर होऊन येईपर्यंत ते तीन तास रस्त्यावरच संपतात. म्हणून पाठवण्याआधी द्या आणि चिठ्ठीवर वेळ लिहा.

बालाघाट :

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका. बघ्यांना शिकवा म्हणणं सोपं आहे. मी महसूल खात्यात होतो, अशा दोन-तीन जागी गेलो आहे. गर्दीनंच माणसं मरतात. रस्ता अडतो, अॅम्ब्युलन्स आत येत नाही, जो तो उचलून रिक्षात कोंबतो. मान मोडलेल्याला सुद्धा दोघंजण हात-पाय धरून उचलतात. शिवाय पहिल्या स्फोटानंतर धावलेल्या गर्दीसाठी दुसरा बॉम्ब ठेवण्याचे प्रकार जगात झाले आहेत. तुम्ही लोकांना आत बोलावताय की काय? आणि पोलिसांचं लफडं कोणाला हवं असतं?

पूर्णाकाठ :

राग कशाचा, तुम्ही म्हणता ते मी सोसलेलं आहे.

मी आत धावा म्हणत नाही. जे आधीच तिथं उभे आहेत, ज्यांच्या पायाशी माणूस पडला आहे, त्यांच्याबद्दल बोलते आहे. बेवारस पिशवी-डबा दिसला तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं आणि जखमीलाही लांब न्यायचं. आगीतून आणि धोक्यातून बाहेर काढताना मानेचा विचार नंतर. एरवी डोकं आणि धड एका रेषेत ठेवून चौघांनी फळीवर घ्यायचं. आमच्याकडं खाट, दार, शिडी सगळं वापरलेलं आहे.

रिक्षात कोंबण्याचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. सगळे जवळच्याच दवाखान्यात जातात, कमी लागलेले आधी पोचतात आणि खाटा अडवतात. जगभर हेच दिसतं. माद्रिदच्या त्या 312 मधून भरती करावे लागले 91 आणि जिवावर बेतलेले होते 29. म्हणजे दहातला एक. तो एक शोधणं हे दारातल्या माणसाचं काम. माझ्या त्या जत्रेच्या दिवशी दारात कोणीच उभं नव्हतं, मीही नाही. नंतर आम्ही शिकलो की एक अनुभवी माणूस दारात उभा करायचा आणि त्यानं टाके घालत बसायचं नाही. चालतोय त्याला हिरवी चिठ्ठी, बाजूच्या शेडमध्ये. श्वास मिनिटाला 30 च्या वर, मनगटाची नाडी लागत नाही किंवा सांगितलेलं समजत नाही तो लाल, सरळ आत. मधले पिवळे. आणि काळी चिठ्ठी, जी लिहिताना हात थरथरतो. श्वासाची वाट मोकळी केल्यावरही जो श्वास घेत नाही, त्याच्यावर अशा वेळी थांबायचं नसतं. त्याची आई समोर उभी असते. हे ज्यानं केलं नाही त्याला ते कळायचं नाही.

हिरव्या शेडमध्ये दर अर्ध्या तासानं पुन्हा फेरी मारायची. हे लोक विसरतात. माझा तो जत्रेतला पोरगा हिरवाच होता.

पोलिसांचं म्हणाल तर 1989 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आधी उपचार, कागद मागाहून, सरकारी असो की खासगी डॉक्टर. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला 2019 पासून मोटार वाहन कायद्यातच संरक्षण आहे. लोकांना ही भीती अजून आहे हे खरं, पण ती जुनी झाली.

उदगीरची लेक :

मी इथं फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहिते.

माझा मोठा भाऊ 2006 च्या त्या लोकलमध्ये होता. स्फोट झालेल्या डब्यात नाही, लागून असलेल्या डब्यात. उदगीरहून नोकरीसाठी गेला होता. त्याला फक्त दंडाला काच लागली होती, तीन दिवसांत सोडलं. "नशीबवान" म्हणून सगळे बघायला आले. आई पेढे वाटायला निघाली होती, त्यानं नको म्हटलं.

त्याचा डावा कान गेला. ऑपरेशन करून पडदा बसवला, तरी आत कायम शिट्टी वाजते. अठरा-एकोणीस वर्षं झाली, रात्री पंखा फुल्ल लावून झोपतो कारण शांतता झाली की शिट्टी ऐकू येते. आमच्या घरात कुकर लावत नाहीत. भात पातेल्यात शिजतो. दिवाळीत तो शेतातल्या आखाड्यावर जाऊन राहतो. नोकरी सोडून गावी आला, पहिली काही वर्षं चौघांत बसायचाच नाही. लोकांना वाटायचं माजला आहे, बोललेलं ऐकून न ऐकल्यासारखं करतो. त्याला खरंच ऐकू येत नव्हतं.

मदतीचे कागद घेऊन वडील खूप फिरले. केंद्राच्या योजनेत कायमचं अपंगत्व 50 टक्के किंवा जास्त असेल तरच पैसे मिळतात असं कळलं. एक कान आणि मोडलेली झोप कोणत्या टक्क्यात बसत नाही.

डॉक्टर, एक विचारायचं होतं. मागच्या वर्षी त्याच्या दंडात गाठ आली, त्यातून काचेचा कण निघाला. इतक्या वर्षांनी असं होतं का?

रात्रपाळी :

ताई, होतं. काच एक्स-रेत नेहमी दिसतेच असं नाही, आणि तेव्हा शेकडो जखमींत बारीक कण शोधत बसायला वेळ नसतो. शरीर त्याभोवती आवरण तयार करतं आणि वर्षांनी तो वर येतो. काढल्यावर जखम भरली असेल तर काळजीचं कारण नाही. फक्त पुढं कधी एमआरआय करायची वेळ आली तर "अंगात स्फोटाचे कण असू शकतात" हे तिथं आवर्जून सांगा. धातूचा कण असेल तर ते महत्त्वाचं असतं.

शिट्टीबद्दल : फाटलेले बरेच पडदे काही आठवडे-महिन्यांत आपोआप भरतात, फक्त तोवर कानात पाणी, तेल, लसणाचं तेल काही जाऊ द्यायचं नाही. पण दणका आतल्या नाजूक पेशींना लागला असेल तर गेलेलं ऐकणं परत येत नाही. कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणयंत्राची एकदा पुन्हा चाचणी करा. काहींना यंत्रानं बाहेरचा आवाज वाढला की आतली शिट्टी मागं पडते. आणि झोप, दचकणं, माणसं टाळणं हा स्वभाव नव्हे, आजार आहे, आणि त्याला उपचार आहे. इतक्या वर्षांनीही त्याचा उपयोग होतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. दादांना न्या. एकटं पाठवू नका, सोबत जा.

एक तांत्रिक गोष्ट इथंच टाकतो. गर्दीतल्या स्फोटात दुसऱ्याच्या हाडाचा तुकडा जखमेत घुसल्याची उदाहरणं आहेत. म्हणून उघडी जखम असलेल्याला धनुर्वाताबरोबर हिपॅटायटिस-बी ची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, लसही द्यावी. लंडनच्या 7 जुलै 2005 च्या स्फोटांनंतर तिथं तशीच काळजी घेतली होती.

उदगीरची लेक :

लातूरला सोमवारी नेते. हा धागा त्याला वाचून दाखवला, मोठ्यानं, उजव्या बाजूला बसून. कुकरचं वाचताना हसला.

शिवारातला :

मंडळी, कळवायला उशीर झाला. परवा रविवारी शाळेच्या ओट्यावर गावातली 22 माणसं बोलावली होती. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आले. कुंकू कालवलेल्या पाण्याच्या बाटलीला भोक पाडून ती उशीत घातली आणि एकेकाला दाबायला लावली. पहिल्या सगळ्यांनी हळूच हात ठेवला, पाणी काही थांबेना. चहावाल्या तुकारामनं गुडघा रोवून भार दिला तेव्हा थांबलं. मग सगळ्यांना कळलं की दाबणं म्हणजे किती. दांड्याचा बांधही प्रत्येकानं घालून बघितला, लाटणं, पान्हा, विळ्याची मूठ जे मिळेल ते घेऊन.

एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलेल्या प्रश्नाला ब्रदरना आणि मलाही नीट उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, "गुरुजी, बाईमाणसाच्या मांडीला परक्या गड्यानं हात कसा लावायचा? उद्या तिच्या घरचे काय म्हणतील?" ताई, तुमच्या टेम्पोतल्या बाईचं मी त्यांना सांगितलं. सगळे खाली मान घालून बसले, पण उत्तर राहिलंच.

पूर्णाकाठ :

गुरुजी, ते चौघं वाईट नव्हते हो. तिची लाज राखावी म्हणूनच त्यांनी चादर टाकली होती.

आजोबांना सांगा, लुगडं सोडायची गरज नाही. बांध लुगड्यावरून, पायजम्यावरून बांधता येतो, जखम नेमकी दिसत नसेल तर जांघेच्या जितका जवळ जाईल तितका. फक्त मध्ये चंची, किल्ली, मोबाइल असं कठीण काही राहू देऊ नका. दाबतानाही चादर घडी करून जखमेवर ठेवा आणि वरून दाबा, हात चादरीला लागतो. तीच चादर दोन्ही कामं करते. आणि आजूबाजूला बाई असेल तर तिला हाक मारा, "ये माय, इथं दाब." त्यासाठी बाईला दाबायचं माहीत पाहिजे. तुमच्या 22 जणांत बाया किती होत्या?

पुढच्या वेळी बचत गटाच्या बाया बोलवा, आशाताईंना बोलवा, संध्याकाळची वेळ ठेवा म्हणजे रानातून आल्यावर येतील. बाटली आणि उशी मी आणते. परभणीहून तुमच्याकडं दुपारची एसटी किती वाजता आहे तेवढं कळवा.